रोगण

केरमानशाहात तुपाला रोगण म्हणतात.
आपण तो शब्द उचलला
आणि दारं-खिडक्यांना फासला.

खैरुल्लाच्या भटारखान्यात ते डोंगरातून यायचं,
मेंढ्यांचं, पिवळंधमक, रवाळ,
कातडी पिशवीचं तोंड सोडलं
की गल्लीला त्याच्या आधी कळायचं.

मग लढाई आली.
तूप आधी महागलं, मग दिसेनासं झालं.
कुपनावर पत्र्याचे डबे मिळू लागले.
वर हसरं सूर्यफूल,
आत पांढरं, गप्प, बिनवासाचं काहीतरी,
भर उन्हाळ्यातही न पाझरणारं.
त्यानं बोटानं चाटून पाहिलं.
'चालेल,' म्हणाला. न चालवून सांगतो कुणाला?

तांदळाचं पीठ, गुलाबपाणी, वर खसखशीचे चार दाणे.
नान-बेरेंजी पूर्वी लवकर खवट व्हायची,
आता महिना महिना राहू लागली.
आघाडीवर निघालेली पोरं खोके भरून न्यायची.
एकाच्या आईनं सांगितलं,
परत आलेल्या पिशवीत दोन उरल्या होत्या
आणि अजून खुसखुशीत होत्या.

सरळ बोटानं तूप निघत नाही, म्हणतात ना.
तेलाचा रेणूसुद्धा मुळात वाकडा,
कंबरेत लचकल्यासारखा,
म्हणून तर तेल वाहतं.
कारखान्यात निकेलच्या भुकटीवर
हायड्रोजन सोडला
की त्यातले कितीतरी ताठ होतात,
कवायतीच्या रांगेत
खांद्याला खांदा लावून उभे.
मग हलत नाहीत,
विटत नाहीत,
आणि रक्तात उतरले
की वाईट ते वाढवतात, चांगलं ते घटवतात,
वर्षानुवर्षं, आवाज न करता.

लढाई संपून वीस वर्षं झाली तेव्हा
धाकटी नस्तरन हृदयाच्या इस्पितळात होती.
पडद्यावर तिनं बापाची धमनी पाहिली:
वाहत्या ओढ्याला मधेच
कुणीतरी चिमटीत धरलेलं.
डॉक्टर म्हणाले, सिगारेट आहे, घराण्यात आहे,
आणि हो, ते डबेही असतील.
खैरुल्लानं फक्त शेवटचं ऐकलं.

गच्चीवर रिकाम्या डब्यांत जिरेनियम फुललं होतं.
त्यानं डबे मोजले. सत्तेचाळीस.
मग उधारीची जुनी वही काढली, पेन्सिल घेतली.
यदुल्ला मास्तर, दर शुक्रवारी अर्धा किलो.
छातीत कळ आली, गेला.
करम शिंपी, ईदला चार किलो.
आहे अजून, शिव्या देतो.
परीदुख्तचा नवरा, रोज दोन, चहाबरोबर.
इथं पेन्सिल खाली ठेवली.

'कुणाला ठाऊक होतं, बाबा?' नस्तरन म्हणाली.
'जिभेला.
पहिल्याच दिवशी.
टाळूवर एक थर बसायचा,
कढत चहानंही सुटायचा नाही.'

त्या हिवाळ्यात त्यानं घड्याळ विकलं,
पावेहून तूप मागवलं,
एकच घाणा भाजला
आणि खोका घेऊन परीदुख्तकडे गेला.
तळाचा कागद वाटेतच पिवळा झाला होता,
बोटांना लागत होता.

तिनं सवयीनं बशीत दोन काढल्या,
समोरच्या रिकाम्या उशीपुढं ठेवल्या,
मग स्वतः एक तोडली.
बराच वेळ चघळली.
'हात गेला रे तुझा, खैरुल्ला.
लढाईतल्या त्या कशा
नुसत्या ओठांनी मोडायच्या.
ह्यांना तर वास येतोय. काय घातलंस?'

'रोगण,' तो म्हणाला.

'तेव्हाही रोगणच म्हणायचास,'
ती म्हणाली, आणि चहा ओतू लागली.